उकळत्या पाण्यातली गाणी

आमच्या शाळेने एका माणसाच्या आठवणी उकळत्या पाण्यात घालून त्यांच्या कुंड्या केल्या आणि त्यातल्या एका कुंडीला पहिलं बक्षीस दिलं. गोष्ट सत्तरच्या दशकातली, सांगलीतली. इतकी वर्षं झाली, पण कुणी ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द उच्चारले की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. घरचे म्हणतात, आता सोड ना. का सोडू? सोडून देणाऱ्यांच्या जिवावरच असल्या गोष्टी घडतात. तेव्हा थोडा वेळ मीही सोडूनच दिलं होतं. तेही सांगणार आहे.

तो माणूस म्हणजे आमचे पी.टी.चे जगदाळे सर. माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे. फौजेत सिग्नलमध्ये होते, म्हणजे लढाईत टेलिफोनच्या तारा ओढायचं काम. एकाहत्तरच्या लढाईत डाव्या पायात लोखंडाचे तुकडे घुसले, पाय जरासा फरफटायला लागला आणि ते हवालदार म्हणून घरी आले. तो पाय घेऊन त्यांनी आमच्या पोरांना कवायत शिकवली, खो-खो शिकवला. मुलं त्यांना पाठीमागे ‘हवालदार’ म्हणत. मैदानाच्या या टोकाला त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की त्या टोकाला झाडू मारणारा शिपाईसुद्धा ताठ व्हायचा.

रागीट होते. पण त्यांचा राग कधी उगाच नसे. पाहुणे यायचेत म्हणून मुलांना उन्हात उभं केलं, की ते तडक जाऊन पोरांना झाडाखाली बसवत. “पावनं मोटारीतनं येनार, सावलीतनं. आन् पोरं कशापायी भाजायची?” असं मुख्याध्यापकांच्या तोंडावर विचारत. मुख्याध्यापकांना असले प्रश्न आवडत नसत. त्यांना उत्तरं आवडत, तीसुद्धा ‘होय सर’ एवढीच.

अशा या मिशाळ, रांगड्या माणसाला वेड कशाचं असावं? इंग्रजी गाण्यांचं. गिटारी, ढोल, तारस्वरात ओरडणारी ती पोरं आणि मधूनच गळा दाटून आल्यासारखी गाणारी एखादी बाई. युनिटचा मुक्काम हलला तेव्हा मेसने टाकून दिलेल्या लहान लहान रेकॉर्डी त्यांनी उचलल्या होत्या. त्या एका हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या आणि ती ट्रंक असायची शाळेच्या खेळाच्या खोलीत, लेझमी नि डंबेल्सच्या शेजारी. कारण ते राहत त्या खोलीच्या मालकाला ‘साहेबांचा गोंगाट’ खपत नव्हता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर बॅटरीवर चालणारा आपला प्लेअर काढत, मलमलीच्या तुकड्याने रेकॉर्ड पुसत आणि सुई ठेवत. कुणीही यावं, ऐकावं. अट एकच होती, ती मला पहिल्याच दिवशी कळली.

मी शास्त्र शिकवायची. त्या शनिवारी दहावीचा जादा तास घेत होते आणि पलीकडून ढोल वाजत होता. तणतणत गेले. सर डोळे मिटून उभे, अगदी सावधानमध्ये.

“जगदाळे सर, हा काय धिंगाणा?”

“आवं बाई, बसा. वाईच ऐका तर. मग भांडू.”

बसले. का बसले कोण जाणे. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “काय दिसलं?”

“काय दिसायचंय? काही नाही.”

“मग दिसल्यावर या,” म्हणाले आणि प्लेअर बंद केला.

मला असा संताप आला! पण पुढच्या शनिवारी मी गेले. तीच रेकॉर्ड त्यांनी लावली आणि दिसलं. कऱ्हाडचं आमचं स्वयंपाकघर. घरी आई नाही, दादा नाहीत. माझी अक्का हातात केरसुणी घेऊन गरागरा नाचतेय, पदर सुटलाय, तिला भान नाही. रेडिओवर काय लागलं होतं तेही आठवत नव्हतं, पण ढोल असाच होता. पुढच्याच वर्षी तिचं लग्न करून दिलं. त्यानंतर तिला मोठ्याने हसतानासुद्धा मी पाहिलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या घामट खोलीत, डंबेल्सच्या शेजारी बसून सांगितलं.

सरांनी सुई उचलली. रेकॉर्ड पाकिटात घालताना म्हणाले, “आजपासनं ही तुमच्या अक्काची.”

ही त्यांची रीत होती. गाण्यांची खरी नावं ते कधी घेत नसत. नावं वाचता यायची त्यांना, पण ती त्यांच्या लेखी खोटी. एक होती ‘बर्फाची’, कारण ती वाजत असताना तंबूचं छत बर्फाने खाली आलं होतं. एक ‘अंडी करपल्याची’. एक ‘रजा नामंजूर’. आमच्या क्लार्कने ऐकताना वडिलांची सायकल आठवून डोळे पुसले, ती ‘सायकलची’ झाली. ज्याला जे दिसलं ते त्याने सांगायचं आणि रेकॉर्ड त्याच्या नावावर चढायची. वर्षभरात त्या ट्रंकेत अर्धा स्टाफ जाऊन बसला होता.

आमच्या इंग्रजीच्या सरांना हे सहन होईना. एकदा दारात उभं राहून म्हणाले, “जगदाळे, नुसत्या माना काय डोलवता? या ओळीचा अर्थ सांगा बरं.”

“तुमी सांगा की. इंग्रजीचं मास्तर तुमी.”

सुई मागे नेली. इंग्रजीच्या सरांनी कान दिला. पुन्हा मागे नेली. पुन्हा कान दिला. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा लाल झाला. एक शब्द लागेना त्यांना.

“ऱ्हाऊ द्या,” जगदाळे सर म्हणाले. “आमची आय वव्या म्हनायची जात्यावर. मांडीवर निजलेल्या पोराला कुठं अर्थ लागतुय? पर झोप लागतीच का न्हाई?”

आता त्या एका रेकॉर्डीविषयी. सगळ्यांत तळाशी, फडक्यात गुंडाळलेली. तिचं नाव ‘आंटीची’. ती दर शनिवारी लागत नसे.

पीटर नावाचा त्यांचा एक जोडीदार होता, बेळगाव कॅम्पातला. दोघं एकाच तारेच्या गुंडाळीची दोन टोकं धरून फिरायचे. पीटरच्या वाढदिवसाला त्याच्या आईने, म्हणजे सरांच्या आंटीने, ती रेकॉर्ड फौजी टपालाने पाठवली होती. पीटरने ती इतकी वाजवली, आणि एकदा नाचता नाचता पाडलीसुद्धा, की मधल्या एका ओळीवर चरा पडला. सुई तिथे अडकायची. तीच ओळ तीनदा यायची, मग प्लेअरच्या कडेला बोटाने हलकेच टिचकी मारली की पुढे सरकायची. लढाईत तुटलेली तार जोडायला दोघं गेले. जगदाळे पाय घेऊन आले. पीटर आला नाही.

बरे झाल्यावर सर ती रेकॉर्ड द्यायला बेळगावला गेले. आई एकटी. तिच्या घरी वाजवायला काही नव्हतं. ती म्हणाली, तूच ठेव, नाताळाला येऊन ऐकवत जा. तेव्हापासून दर नाताळाला हा माणूस प्लेअर आणि ती एक रेकॉर्ड घेऊन एस.टी.ने बेळगावला जायचा. म्हातारी आरामखुर्चीत बसून ऐकायची. तिची नजर हळूहळू गेली. “दिसत न्हाई आता तिला,” सर सांगायचे, “पर अडकती तितं हसती बगा. दर वक्ती हसती. पीटऱ्यानं पाडली तवाचं आठवतंय तिला, पत्रात लिवलं हुतं त्यानं.”

हे मुख्याध्यापकांना माहीत होतं. मी आज शपथेवर सांगते, माहीत होतं, कारण नाताळाची रजा मागताना सरांनी अर्जात कारण म्हणून हेच लिहिलं होतं. त्या अर्जावर मुख्याध्यापकांनी शेरा मारला होता, ‘संगीत ऐकवणे हे रजेचे कारण होऊ शकत नाही.’ सरांनी शेऱ्याखाली लिहिलं, ‘आईला भेटणे होऊ शकते काय?’ रजा मिळाली. पण पुढच्याच आठवड्यात नोटीस निघाली, की शाळेच्या आवारात परदेशी धांगडधिंगा चालणार नाही. सरांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली आणि शनिवारी आवाज थोडा कमी करून प्लेअर लावला. मुख्याध्यापक मूग गिळून बसले. अशी माणसं विसरत नाहीत, नुसती थांबतात.

त्या वर्षी डिसेंबरात सर खो-खोचा संघ घेऊन आठ दिवस साताऱ्याला गेले. इकडे शाळेत तपासणी यायची होती आणि हस्तकलेचं प्रदर्शन ठरलं. हस्तकलेच्या कदम बाई नव्याच लागलेल्या, साध्या, घाबरट. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला विचारलं, “बाई, जुन्या रेकॉर्डी मऊ कशा करायच्या हो? मुख्याध्यापक म्हणाले, पडून आहेत कुठल्याशा, घ्या.”

आणि मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, शिकवलं. पातेलं पालथं घाला, वर तबकडी ठेवा, कढत पाणी ओता. पदार्थ उष्णतेने लवतो, गार झाला की तसाच कडक राहतो. कडा चिमटीने वळवा, छान पाकळ्या होतील. मधलं भोक आहे ते पाणी निचरायला आयतंच. फळ्यावर आकृतीसुद्धा काढली असती, एवढा मला उत्साह. ‘कुणाच्या रेकॉर्डी?’ हे दोन शब्द विचारायला माझ्या तोंडाला काय झालं होतं? अख्ख्या शाळेत रेकॉर्डी होत्या एकाच खोलीत आणि मी त्यातल्या एकीत माझी बहीण ठेवली होती.

सोमवारी प्रदर्शन. हॉलमध्ये लांब टेबलावर काळ्या कुंड्यांची रांग, पाकळ्यांसारख्या कडा, कुणात सदाफुली, कुणात शेवंती. मी कौतुकाने जवळ गेले. एका कुंडीच्या तळाशी माती जरा सरकली होती, तिथे लाल लेबलाचा तुकडा दिसत होता, कोपरा फाटलेला. तो कोपरा मी ओळखला. ती अक्काची होती.

मी तिथेच उभी होते तेवढ्यात बाहेर मुलांचा गलका झाला. साताऱ्याहून संघ ढाल जिंकून आला होता. जगदाळे सर ती ढाल छातीशी धरून, पाय ओढत, हसत हॉलमध्ये आले. टेबलापाशी आले आणि हसू तसंच राहिलं तोंडावर, पण त्यात काही उरलं नाही.

त्यांनी ढाल खाली ठेवली. पहिल्या कुंडीवर वाकले. बोटाने माती बाजूला केली. “ही बर्फाची.” दुसरी. “अंडी करपल्याची.” पुढची. “सायकलची.” कदम बाईंना काय झालंय ते कळत नव्हतं, पण त्या रडायला लागल्या होत्या. सर टेबलाच्या शेवटापर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून पाहत आले.

“आंटीची कुठाय?”

मग माझ्याकडे वळले. “बाई, हे असं मऊ कशानं झालं?”

“कढत पाण्याने,” मी म्हणाले. “मी सांगितलं कदम बाईंना.”

“व्हय,” ते म्हणाले. “तुमाला ठावं असनारच.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. ज्या माणसाने मोटारीतल्या पाहुण्यांवरून मुख्याध्यापकांवर आवाज चढवला, त्याने माझ्यावर चढवला नाही. तेवढ्यात मुख्याध्यापक आले. “अरे जगदाळे, अभिनंदन! आणि हे बघा, तुमच्या अडगळीचं पोरींनी कसं सोनं केलं. नवीन घेऊन देऊ हो तुम्हाला. आपल्या देशी घ्या, चांगल्या, भक्तिगीतं वगैरे.”

सरांनी बोटांची माती पुसली. मग म्हणाले, “सायेब, पोरींनी मन लावून केलंया. त्यास्नी काय बोलू नगा. कदम बाईस्नी बी. पर तुमच्या हातानं तुमी ट्रंक उगडून दिली आसंल, तर तळातलं फडकं सोडताना तुमास्नी कायतरी वाटलं आसंलच.”

आणि गेले. एवढ्या लोकांत त्यांच्या बाजूने एक शब्द कुणी बोललं नाही. क्लार्क बोलला नाही, इंग्रजीचे सर बोलले नाहीत. मी बोलले नाही. त्या वेळी मी तपासणीच्या फायली घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. फायली! आजही त्या हॉलची आठवण झाली की मला आधी माझाच राग येतो, मुख्याध्यापकांचा नंतर.

दोन दिवस मी नीट जेवले नाही. सर शाळेत येत होते, कवायत घेत होते. शनिवारी खेळाच्या खोलीला कुलूप होतं.

मग एका फॉर्मवर सही घ्यायला मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि समोर ती दिसली. पहिलं बक्षीस. सगळ्यांत सुबक पाकळ्यांची, त्यांच्या टेबलावर, आत कागदी गुलाब. तळाशी लेबल अख्खं होतं आणि कडेला, जिथे काळी तबकडी वळली होती तिथे, आडवा चरा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फॉर्म बाजूला ठेवला, कागदी गुलाब काढून त्यांच्या टाचणीच्या डबीत खोचले आणि कुंडी उचलली.

“अहो बाई, काय करताय? ती शाळेची मालमत्ता आहे.”

“नाही सर. ती बेळगावच्या एका बाईंची आहे. तुम्ही रजेचा अर्ज वाचला होता.”

ते काय बोलले ते मी ऐकायला थांबले नाही. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात ‘उद्धट’ असा शेरा आला. सबंध नोकरीत मला मिळालेला तो एकच शेरा मी अभिमानाने सांगते.

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी मी सांगलीच्या स्टँडवर गेले. बेळगावची गाडी लागली होती. सर खिडकीपाशी बसले होते, इस्त्रीचा सदरा, जवळ प्लेअर नव्हता. मी खिडकीतून कुंडी आत दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, उलटी केली, चऱ्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

मी क्षमा मागायला आले होते. वाक्यं जुळवून आले होते. पण त्या अंगठ्याकडे पाहून मला ती मागायची लाज वाटली आणि त्यांनीही केली नाही. दोघांनाही ते बरोबर वाटलं असावं.

“आईंना काय सांगणार?” मी विचारलं.

“खरं त्ये. तिला फसवायची न्हाई. हातात देनार. बोटास्नी रेघा लागत्यात अजून, ह्ये बगा. आन् मग म्हननार.”

“काय म्हणणार?”

“गानं,” ते म्हणाले, जणू मी वेड्यासारखं काही विचारलं. “दुसरं काय? ट्रंक न्हाई गेली बाई, निस्त्या तबकड्या गेल्या. वाईच ऐकता का? बरुबर हाय का बगा.”

आणि त्या स्टँडवर, भज्यांच्या धुरात, ‘मिरज मिरज’ ओरडणाऱ्या कंडक्टरांच्या मधे, कवायतीने फाटलेल्या आवाजात जगदाळे सर गायला लागले. शब्द इंग्रजी होते की नव्हते, देव जाणे. पण चाल पक्की. मधे गिटार वाजते ती तोंडाने वाजवली. बाजूच्या सीटवरची बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली.

मधली ओळ आली. ती ते एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, अगदी तिथेच, अर्ध्या शब्दावर तुटून. मग कुंडीच्या कडेवर बोटाने हलकेच टिचकी मारली आणि गाणं पुढे सरकलं.

कंडक्टरने घंटी दिली. सरांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

“काय दिसलं, बाई?”

मला एक मुलगा दिसला होता, ज्याला मी कधीच पाहिलं नव्हतं. तंबूत नाचणारा, हातातली रेकॉर्ड खाली पाडणारा. ते सांगायला मी तोंड उघडलं, पण गाडी मागे सरकायला लागली होती. वळताना खिडकीत पुन्हा दिसले ते. ओठ हलत होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती आणि बोट त्या ओळीची वाट पाहत कडेवर टेकलेलं होतं.